आधी किट की आधी तारखा? बडोद्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सुरू करण्यापूर्वीचा हिशोब

दांडिया बाजारातल्या एका मंडळाच्या आरोग्य समितीने मला मागच्या महिन्यात बोलावून घेतलं. एका सभासदाने वडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिली होती. वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले, म्हणून पैसे त्याच आजाराच्या तपासणीसाठी वापरायचे हे नक्की होतं. पुढे मात्र दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, मलतपासणीची हजार किटं घरोघर वाटू. दुसऱ्याचं म्हणणं, किट अर्धवट काम करतं, त्यापेक्षा शंभर जणांची थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करू. मी अठ्ठावीस वर्षं एंडोस्कोपी विभागात सिस्टर होते, म्हणून निकाल मी द्यावा असं ठरलं. मी दोघांनाही एकच विचारलं: दुर्बिणीच्या तारखा कुठल्या रुग्णालयात आणि किती मिळणार आहेत? ते कुणीच विचारलं नव्हतं.

अशाच निर्णयाशी थांबलेल्या सगळ्यांसाठी त्या बैठकीतला हिशोब इथे मांडते आहे. मंडळ असो, कारखान्याची वेल्फेअर कमिटी असो, की ज्येष्ठ नागरिक संघ.

सरकारी असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या लोकांची तीन कॅन्सरसाठी तपासणी होते: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. मोठं आतडं त्यात नाही. या आजाराचं प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे त्यामागचं एक कारण. त्यामुळे शहरात किती कोलोनोस्कोपी होऊ शकतात याची बेरीज तुमच्यासाठी कुणी करून ठेवलेली नाही. ती तुम्हालाच करावी लागेल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. ज्यांना शौचातून रक्त जातं, कारण नसताना वजन उतरतं, हिमोग्लोबिन कमी झालं आहे किंवा शौचाची सवय अचानक बदलली आहे, त्यांना किट देऊ नका. ते स्क्रीनिंगचे, म्हणजे लक्षणं नसलेल्या माणसांच्या तपासणीचे, उमेदवार नाहीत, ते रुग्ण आहेत. त्यांनी सरळ डॉक्टरांकडे जावं. "मूळव्याधच असेल" म्हणत वर्ष-वर्ष मलम लावणारी माणसं मी टेबलावर पाहिली आहेत, त्यात चाळिशीच्या आतलीही होती.

किट आणि दुर्बीण

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिपमधून होतो. आतल्या अस्तरावर आलेला छोटा कोंब कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं घेतो. कोलोनोस्कोपीचं बळ इथेच आहे. दुर्बीण पॉलिप पाहते आणि त्याच बैठकीत तो काढूनही टाकते. तपासणी स्वच्छ निघाली तर पुढची दहा वर्षांनी.

एफआयटी हे मलतपासणीचं किट डोळ्यांना न दिसणारं मानवी रक्त शोधतं. एका वेळच्या तपासणीत ते दहातले साधारण आठ कॅन्सर पकडतं, पण मोठे, धोकादायक पॉलिप त्यातून बरेचसे निसटतात. म्हणून ते दरवर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो, असं नाही.

कागदावर कोलोनोस्कोपी सरस वाटते. पण लोक येतात किती? पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०२२मध्ये आले. लोकांना थेट कोलोनोस्कोपीचं बोलावणं पाठवलं होतं. आले ४२ टक्के. बोलावलेल्या सगळ्यांचा मिळून दहा वर्षांतला कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी उतरला. स्पेनमध्ये एका गटाला एकदा कोलोनोस्कोपी आणि दुसऱ्याला दोन वर्षांनी एकदा एफआयटी, अशी तुलना झाली. २०२५मध्ये निकाल आला तेव्हा मृत्यू रोखण्यात एफआयटी कमी पडलेलं नव्हतं, आणि त्या गटात सहभागही जास्त होता. तिथली माणसं जर कचरतात, तर आपल्याकडे गुदद्वारातून नळी घालायची म्हटल्यावर किती जण हो म्हणतील? जोशीकाका डबी भरून देतील. टेबलावर यायला मात्र त्यांना तसंच कारण लागेल, आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट हे तसं कारण आहे.

बाजारात "ऑकल्ट ब्लड" या नावाने जुनी ग्वायॅक चाचणीही मिळते. लाल मांस आणि काही भाज्यांमुळे ती चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. एफआयटीला जेवणाचं पथ्य लागत नाही. ऑर्डर देताना नेमकी कुठली चाचणी आहे ते लेखी घ्या.

सिग्मॉइडोस्कोपी हा मधला मार्ग. आखूड दुर्बीण, फक्त एनिमा, भूल नाही. ब्रिटनमध्ये ५५ ते ६४ वयात ती एकदाच केली तरी या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले २०१०च्या निकालांत दिसले. पण ती फक्त डावीकडचं आतडं पाहते, आणि तिलाही खोली, टेबल आणि धुतलेली दुर्बीण लागतेच. सीटी स्कॅनने आतडं पाहण्याचा पर्याय मंडळांनी विसरावा. पोट साफ करावंच लागतं, आणि काही दिसलं तर शेवटी कोलोनोस्कोपीच.

शहराचा आकडा

२०११च्या जनगणनेत बडोदे शहराची लोकसंख्या सुमारे १६ लाख ७० हजार होती. ४५ ते ७४ वयाचे मोजणीपुरते ४ लाख धरू. थेट कोलोनोस्कोपीचा मार्ग घेतला आणि दहा वर्षांत सगळ्यांना एकदा बोलावलं, तर वर्षाला ४० हजार जण होतात. निम्मे आले तरी २० हजार. कामाचे २५० दिवस धरले तर रोज ८० कोलोनोस्कोपी, त्याही नेहमीच्या रुग्णांवर वाढीव.

किटच्या मार्गाने दर दोन वर्षांनी बोलावलं तर वर्षाला २ लाख किट. निम्म्या परत आल्या म्हणजे १ लाख. पाच टक्के पॉझिटिव्ह धरले तर ५ हजार कोलोनोस्कोपी, रोजच्या २०. चौपट फरक.

पॉझिटिव्हचं हे प्रमाण कायम राहतंच असं नाही. नेदरलँड्सने २०१४मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा एक ग्रॅम मलात १५ मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन सापडलं की पॉझिटिव्ह, असा नियम होता. अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले, पॉझिटिव्हही जास्त निघाले आणि दुर्बिणीच्या रांगा फुगल्या. काही महिन्यांतच त्यांना ती मर्यादा ४७वर न्यावी लागली. इतक्या तयारीच्या देशावर ही वेळ आली. मर्यादा हलवायची सोय हवी असेल तर आकड्यात निकाल देणारी, प्रयोगशाळेतली एफआयटी घ्या. दोन रेघांचं कार्ड स्वस्त पडतं, पण ते फक्त हो किंवा नाही सांगतं. रांग वाढली तर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

क्षमता नेमकी कुठे अडते

रुग्णालयात गेलात की "तुमच्याकडे कोलोनोस्कोपी होते का?" असं विचारू नका. उत्तर हो येईल आणि तुम्हाला काही कळणार नाही. दुर्बिणी किती आहेत ते विचारा.

एक सकाळ डोळ्यासमोर आणा. आठ ते दोन, म्हणजे ३६० मिनिटं. एका रुग्णाला टेबलावर साधारण अर्धा तास लागतो. मग दुर्बीण बाहेर येते आणि माझं काम सुरू व्हायचं. टेबलापाशीच नळीतून साबणपाणी ओढून घ्यायचं. धुण्याच्या खोलीत नेऊन आधी गळती बघायची, बुडवलेल्या नळीतून बुडबुडे आले तर ती दुर्बीण त्या दिवसापुरती बाद. मग लांब ब्रश एका तोंडातून घालून दुसऱ्यातून बाहेर काढायचा. ब्रश स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा. बटणं सुटी करून घासायची. मग जंतुनाशकात बुडवायचं. ग्लुटाराल्डिहाइड वापरत असाल तर वीस मिनिटं, आणि घड्याळ लावून. पुन्हा स्वच्छ पाण्याने खळबळून, आत हवा मारून वाळवायचं. या सगळ्याला तासभर जातो. घाईत इथे पाच मिनिटं वाचवली तर मागच्या रुग्णाचे जंतू पुढच्याच्या पोटात जातात, म्हणून मी कुणाचंही ऐकत नसे.

म्हणजे एक दुर्बीण एका फेरीला ९० मिनिटं खाते. सकाळभरात एका दुर्बिणीवर चार रुग्ण, दोनवर आठ. तिसरी घेतलीत तर बारा होत नाहीत, कारण मग खोली अडते. रुग्ण उठवणं, टेबल पुसणं, पुढच्याला सलाईन लावणं धरून एका रुग्णामागे पाऊण तास जातोच. जिथे एकच दुर्बीण आहे तिथे कितीही मोठे डॉक्टर असले तरी आकडा चारचाच.

या आठांतून लक्षणं असलेले रुग्ण वजा करा. त्यांचा हक्क पहिला. रात्री रक्ताची उलटी होऊन आलेला माणूस वजा करा. पोट नीट साफ न झाल्यामुळे परत पाठवलेला वजा करा. स्क्रीनिंगला एका खोलीत दिवसाला तीन जागा उरल्या तर खूप झालं. रोजच्या वाढीव २० कोलोनोस्कोपींना अशा सात खोल्या लागतील, ८०ना सत्तावीस.

भूल देणारे डॉक्टर रोज असतात की ठरावीक वारी, हेही विचारा. आणि काढलेला पॉलिप जातो कुठे? तो फॉर्मेलिनच्या बाटलीत, नाव आणि आतड्यातली जागा लिहून, पॅथॉलॉजीकडे जातो. तिथून किती दिवसांत रिपोर्ट येतो यावर पुढचं सगळं ठरतं. मोठा पॉलिप निघाला तर तीन वर्षांनी पुन्हा बोलवावं लागतं. आज काढलेला असा प्रत्येक पॉलिप तीन वर्षांनंतरची एक तारीख आत्ताच अडवून ठेवतो.

कुठे जायचं

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत, म्हणजे आपल्याकडे सयाजीराव रुग्णालय आणि गोत्रीचं रुग्णालय, मोठी गोष्ट ही की सर्जन, रक्तपेढी, पॅथॉलॉजी एका छताखाली असतात. दुर्बिणीने आतड्याला छिद्र पडण्याचा धोका हजार-दोन हजारांत एखादा. पण तो एखादा आपला असेल तेव्हा शेजारी ऑपरेशन थिएटर असणं हे सगळं असतं. खर्चही कमी. पण आसपासच्या जिल्ह्यांतून येणारे आजारी रुग्ण तिथे आधी रांगेत असतात, आणि असायलाच हवेत. धडधाकट माणसांची वेगळी रांग तिथे लावायला मला संकोच वाटतो. ठरावीक वारी एक-दोन जागा लेखी मिळाल्या तर घ्या, सगळा कॅम्प त्यांच्यावर टाकू नका.

वाघोडिया तालुक्यातलं गोरजचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल धर्मादाय आहे, आणि कॅन्सर निघालाच तर पुढचा उपचार तिथेच होऊ शकतो. अडचण अंतराची. रात्रभर जुलाबाचं औषध प्यालेल्या सत्तरीच्या बाईला पहाटे गाडीत घालून शहराबाहेर न्यायचं म्हणजे काय, ते तिच्या सुनेला विचारा. आदल्या संध्याकाळी तिथेच राहायची सोय होते का हे आधी पाहा. झाली तर हा पर्याय फार चांगला आहे.

अलकापुरी, रेसकोर्स, जुना पादरा रोड या बाजूच्या खासगी गॅस्ट्रो केंद्रांत तारीख लवकर मिळते, आणि दुपारच्या जागाही असतात. दुपारच्या जागेचा फायदा मोठा आहे. पोट साफ करायचं औषध दोन भागांत घ्यायचं असतं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. सकाळी आठची वेळ असेल तर माणूस पहाटे तीनला उठून लिटरभर खारट पाणी पीत बसतो. नाहीतर पीत नाही, आणि तारीख वाया जाते. इन्शुलिन घेणाऱ्यांना मात्र सकाळचीच वेळ मागा. खासगीतली उणीव पैशाची. किटचा खर्च शेकड्यांत असतो, कोलोनोस्कोपीचा हजारांत, आणि पॉलिप काढला की बायोप्सीचं बिल वेगळं. आधी ठरवून घ्या: पॉलिप निघाला तरी एकच रक्कम. पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर गुजरातेत कुटुंबाला १० लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते उपचारासाठी. मंडळाच्या किटचा आणि धडधाकट माणसाच्या तपासणीचा खर्च त्यातून निघेल असं धरून चालू नका.

कुठेही गेलात तरी दर्जाचे दोन आकडे मागा. दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, किती टक्के वेळा पोचते? ९०च्या खाली असेल तर नको. आणि पॉलिप किती जणांत सापडतात? पन्नाशीच्या पुढच्या लोकांत अ‍ॅडिनोमा या जातीचे पॉलिप निदान दर चौथ्या माणसात सापडावेत असा जुना अमेरिकी निकष होता, आता तो ३५ टक्क्यांवर नेला आहे. आपल्याकडे पॉलिप मुळात कमी, त्यामुळे आकडा कमी येईल. पण तो मोजलेलाच नसेल, तर दुर्बीण परत काढताना निदान सहा मिनिटं अस्तर न्याहाळतात का, हेही कुणी पाहत नसणार. जे डॉक्टर हे प्रश्न ऐकून खुर्ची पुढे ओढतात आणि वही उघडतात, त्यांच्याकडे माणसं पाठवा.

मावशीची किट

आता माझ्या घरातली गोष्ट. माझी मावशी ६३ वर्षांची होती. तिच्या सोसायटीत एका संस्थेने शिबिर घेतलं, फोटो निघाले, डब्या गोळा झाल्या. दहा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला: पॉझिटिव्ह, डॉक्टरांचा सल्ला घ्या. कुठल्या डॉक्टरांचा, कुठे, केव्हा, काही नाही. फोनही नाही. मावशीला मूळव्याध होती, तिने तेच कारण धरलं. मग नवरात्र आली, मग नातवाची मुंज. मला ती बोलली तेव्हा अकरा महिने उलटून गेले होते. कोलोनोस्कोपीत गाठ निघाली, आणि ती आतड्याच्या भिंतीबाहेर पोचली होती.

अमेरिकेतल्या सुमारे ७० हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं, की पॉझिटिव्हनंतर दहा महिन्यांपलीकडे गेलं की कॅन्सर सापडण्याचं आणि तो पुढच्या टप्प्यावर असण्याचं प्रमाण वाढतं. त्याआधी कोलोनोस्कोपी झाली तर मोठा फरक दिसला नाही. म्हणजे आठवडा-पंधरवड्याने घाबरायचं कारण नाही, पण वर्ष जाऊ द्यायचं नाही. मावशीच्या किटने काम चोख केलं होतं. पुढची तारीख कुणी ठेवली नव्हती.

मी समितीला काय सांगितलं

हजार किट नकोत, आणि शंभर थेट कोलोनोस्कोपीही नकोत. आधी यादी करा. ज्यांच्या आई-वडिलांना, भावंडांना किंवा मुलाला हा कॅन्सर झाला आहे त्यांना किट देऊ नका, थेट दुर्बिणीला पाठवा. वयाच्या ४०ला, किंवा घरातल्या रुग्णाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा. देणगी देणाऱ्या सभासदाचं नाव या यादीत पहिलं आलं. त्याच्या ते डोक्यातच नव्हतं. मंडळात असे वीसेक निघतील असं धरलं.

बाकीच्या ४५ ते ७४ वयाच्या सभासदांसाठी ५०० किट. साडेतीनशे परत आल्या आणि सात टक्के पॉझिटिव्ह धरले तरी पंचवीस. एकूण पंचेचाळीस कोलोनोस्कोपी. दोन केंद्रांत मिळून आठवड्याला चार जागा लेखी मिळाल्या तर बारा आठवड्यांत काम संपतं. त्या जागा हातात आल्यावरच किटची ऑर्डर. जागा दोनच मिळाल्या तर किटही निम्म्या.

किट मे महिन्यात वाटू नका. बडोद्याच्या ४२ अंशांत डबीतलं हिमोग्लोबिन विरतं आणि पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह दिसतो. इटलीतही उन्हाळ्यात पॉझिटिव्हचं प्रमाण उतरलेलं आढळलं आहे. दिवाळीनंतर वाटा, डबी भरल्यावर फ्रीजमध्ये आणि दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत. मात्र हिवाळ्यात कोलोनोस्कोपीआधीच्या पथ्याचा कागद मोठ्या अक्षरांत छापा. दोन-तीन दिवस शेव-उसळ नाही, लिलव्याची कचोरी नाही, पालेभाजी, तीळ, टोमॅटोच्या बिया नाहीत. पांढरा भात आणि गाळलेलं वरण. एक तीळ दुर्बिणीच्या तोंडात अडकला की सगळी तपासणी थांबते.

आणि पॉझिटिव्ह प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅप नाही, फोन. समितीतल्या एका बाईंनी हे काम घेतलं. त्यांनी शाळेतली जुनी आखीव वही काढली आणि रकाने पाडले: नाव, किट दिली, किट आली, निकाल, फोन केला, कोलोनोस्कोपीची तारीख, झाली का, पॉलिपचा रिपोर्ट, पुढची तपासणी कधी. शेवटचा रकाना त्यांनी रुंद ठेवला.